निरोप्याचा धर्म

हेडफोन कोणता घ्यावा हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो, असे मी एकदा म्हणालो आणि आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला. हशा साहजिकच होता. सेवानिवृत्तीला तीन-चार वर्षे उरलेल्या मुख्याध्यापकाने रॉक संगीत ऐकायला वीस-पंचवीस हजारांचा हेडफोन घ्यायचा म्हणावे, हेच मुळी पुष्कळांना पटण्यासारखे नव्हते. आमच्या गणिताच्या बाईंनी तर काळजीने विचारले, "सर, कानाचे मशीन का?" मी म्हटले, नाही बाई, अजून वेळ आहे. पण प्रश्न मी थट्टेने काढला नव्हता.

रॉकची आवड मला बेळगावात कॉलेजात असताना लागली, १९८०-९० च्या दशकात. होस्टेलवरच्या मुलांकडे कॅसेटी असत. एकाने गोव्याहून आणलेली कॅसेट दुसऱ्याने उतरवून घ्यायची, त्याच्याकडून तिसऱ्याने. माझ्यापर्यंत जी येई ती चौथ्या हाताची. ढोलांच्या जागी धपधप, झांजांच्या जागी फुसफुस आणि सर्वांवर पसरलेली खरखर. तरीही लेड झेपेलिन आणि पिंक फ्लॉईड आम्ही त्या खरखरीतून वेचून काढले. मूळ कसे असेल याची ओढ तेव्हापासूनची. संसार, बदल्या, शाळा यांतून जरा मोकळीक मिळाल्यावर ती पुन्हा वर आली. मुलीने पुण्यातल्या मित्रमंडळींकडून दोन 'प्लॅनर मॅग्नेटिक' हेडफोन आणि एक साधा असे तीन मागून आणले आणि म्हणाली, "बाबा, महिनाभर ठेवा आणि ठरवा." त्या महिन्यात जे मनात आले ते येथे मांडतो आहे.

प्लॅनर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. साध्या हेडफोनमध्ये एक छोटा पडदा असतो आणि त्याला तारेचे एक वेटोळे चिकटवलेले असते. वीज वेटोळ्यातून वाहिली की चुंबक त्याला ढकलतो आणि वेटोळे पडद्याला ढकलते. जोर एका ठिकाणी लागतो, बाकीचा पडदा त्याच्यामागून येतो. प्लॅनरमध्ये केसाहून पातळ अशी प्लॅस्टिकची सपाट पापुद्र्यासारखी फिल्म असते, तिच्यावरच वीज वाहून नेणारी पट्टी नागमोडी पसरलेली असते आणि ती फिल्म चुंबकांच्या ओळींसमोर ताणून बसवलेली असते. जोर सबंध फिल्मवर सारखा लागतो. वाळत घातलेली चादर मधोमध काठी लावून उचलणे आणि चार जणांनी चार बाजूंनी धरून उचलणे, एवढाच हा फरक. दुसऱ्या रीतीत चादरीला सुरकुत्या कमी पडतात.

कल्पना नवी नाही. जपानच्या यामाहाने १९७६ मध्येच या जातीचा एचपी-१ बाजारात आणला होता. त्याच देशातल्या फोस्टेक्सने ही जात स्टुडिओतून टिकवून धरली. पण घराघरांतून ती मागे पडली आणि २००९ च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑडिझीने आणि फांग बियान यांच्या हायफायमॅनने तिला पुन्हा वर काढले. दोषही तेव्हापासूनचेच आहेत. चुंबकांमुळे वजन फार. काही प्लॅनर अर्ध्या किलोच्या वर भरतात, आणि माझ्या वयाची मान ते तासाभरात कळवते. पुष्कळांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. बहुतेकांच्या पाठी उघड्या असतात, त्यामुळे आत चाललेले घरभर झिरपते.

रॉकसाठी यांत काय मिळते? बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. उघड्या पाठीचे साधे हेडफोन तेथवर पोचेपर्यंत बहुधा थकतात. चांगला प्लॅनर थकत नाही. दोन गिटार, बेस, ढोल आणि आवाज एकाच वेळी कोसळू लागले तरी प्रत्येकाची रेघ वेगळी दिसते. साध्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ढोलाचा छातीवर बसणारा ठोसा त्यांच्याकडेच आहे. त्यात तथ्य आहे. मागून आणलेल्या तिघांपैकी ठोसा त्या साध्याचाच खरा होता.

आता मुद्द्याकडे येतो. हेडफोनची स्तुती करताना लोक 'मुळाशी प्रामाणिक' असे म्हणतात. मूळ म्हणजे काय? आपल्या रागसंगीताच्या बाबतीत हा प्रश्न अवघड जात नाही. येथून जवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व एखाद्या मैफिलीत गायले असतील तर एक जागा होती, एक वेळ होती, समोर माणसे बसली होती. मुद्रणाने त्या घडलेल्या गोष्टीशी इमान राखावे, एवढी साधी अपेक्षा. रॉकमध्ये मात्र पुष्कळदा घडलेली गोष्टच नसते. बीटल्सनी १९६६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा दौऱ्यातला कार्यक्रम केला आणि १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर' काढले. ती रचना चौघांनी लोकांपुढे बसून कधी वाजवलीच नाही. चार ट्रॅकच्या टेपवर एकावर एक थर देऊन ती बनवली आहे. त्यातही गंमत अशी की तिच्या मोनो आवृत्तीचे मिश्रण चालले असताना ते चौघे लक्ष घालून होते, आणि आज जग जी ऐकते त्या स्टिरिओ आवृत्तीचे मिश्रण बव्हंशी त्यांच्या पश्चात झाले. मग मूळ कोणते? बनवणाऱ्यांनी ज्यावर जीव टाकला ते, की जे प्रचारात राहिले ते?

लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या तबकडीवर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. रॉकमधले सर्वांत प्रसिद्ध ढोल कदाचित हेच असतील. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत, जिन्याच्या तळाशी, जॉन बोनमचा संच मांडला होता आणि अँडी जॉन्स या मुद्रकाने वरून जिन्यावर दोन माइक टांगले होते. ते माइक बायरडायनॅमिकचे एम-१६०, म्हणजे रिबन जातीचे होते. चुंबकामध्ये लोंबणारी धातूची पातळ पट्टी हवेच्या धक्क्याने हलते आणि वीज निर्माण करते. प्लॅनर हेडफोन हीच क्रिया उलटी करतो. विजेने हलतो आणि हवेला धक्का देतो. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी एका पट्टीने जे ऐकले ते तिच्याच भाऊबंदांतली एक फिल्म मला बेळगावात सांगते. पण ती मला ढोल सांगते की जिना? दोन्ही, आणि ते वेगळे करता येत नाहीत. त्या जिन्याच्या तळाशी प्रत्यक्ष उभे राहिलेल्या माणसाला हा आवाज असाच ऐकू आला असता असेही नव्हे, कारण प्रतिध्वनी देणारे यंत्र जोडून आणि ढोल दाबून त्यावर पुढेही संस्कार झाले आहेत.

शास्त्रज्ञांनाही ही अडचण दिसली आहे. ध्वनीचे अभ्यासक फ्लॉइड टूल यांनी तिला 'भ्रमाचे वर्तुळ' अशा अर्थाचे नाव दिले. रेकॉर्ड तयार करणारा स्पीकरवर ऐकून ती तयार करतो, आणि स्पीकर चांगला की वाईट हे आपण रेकॉर्ड लावून ठरवतो. १९७८ मध्ये आलेला यामाहाचा एनएस-१० हा छोटा, काहीसा कर्कश स्पीकर शेकडो स्टुडिओंत मांडलेला होता. असंख्य रॉक रेकॉर्डी त्याच्यासमोर बसून घडल्या. घडवणाऱ्याने जर त्याच्या कर्कशपणाला उतारा म्हणून रेकॉर्ड थोडी मऊ केली असेल, तर आज निर्दोष हेडफोनवर ती मऊच ऐकू येणार. एम.ए.ला न्यायदर्शन शिकताना आम्ही अन्योन्याश्रय दोष पाठ केला होता, तो असा कानाला लागेल असे वाटले नव्हते. या वर्तुळातून सुटण्यासाठी हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून काही वर्षे पुष्कळ श्रोत्यांना बसवून, कोणता हेडफोन कोणाचा ते कळू न देता, पसंती विचारली. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, खर्ज थोडा उचललेला आवाज बहुतेकांना आवडला. तो आलेख आज पुष्कळ ठिकाणी प्रमाण म्हणून वापरतात. उपयुक्त आहे, मीही पाहिला. पण पसंती हे प्रमाण झाले की बहुमताने सत्य ठरवल्यासारखे होते, आणि शाळेच्या कार्यकारिणीत मी ते इतक्यांदा पाहिले आहे की त्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

मग हेडफोनने कशाशी इमान राखायचे? मला वाटते, घडलेल्या गोष्टीशी नव्हे आणि माझ्या पसंतीशीही नव्हे. त्याच्या हाती जो निरोप दिला आहे त्याच्याशी. इथे रॉकचेच एक उदाहरण फार उद्बोधक आहे. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा चिरला आणि त्या फाटक्या आवाजात 'यू रिअली गॉट मी'ची गिटार वाजवली. सबंध रॉकची पुढची भाषा या मुद्दाम फाडलेल्या आवाजावर उभी आहे. आवाज फाटू नये म्हणून जगभरच्या कारखान्यांत इतकी खटपट चालते, ती कशासाठी? तर फाटलेला आवाज नीट ऐकू यावा म्हणून. हा विनोद नाही. फाटणे ज्याचे आहे त्याचे त्याच्याकडे राहावे, निरोप्याने त्यात आपली फाटणी मिसळू नये. रागावलेल्या माणसाचा निरोप सांगताना स्वतः रागावणारा दुभाषी आणि राग गिळून टाकणारा दुभाषी, दोघेही कामाचे नाहीत.

दुभाषी म्हटले की आमच्या भागातल्या माणसाला उदाहरणे शोधत जावे लागत नाही. आमच्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. आठवीतल्या एका मुलाचे वडील कन्नडभाषक, आई मराठी. वर्गशिक्षक चंदगडकडून नव्यानेच आलेले, त्यांना कन्नडचे अक्षरही ठाऊक नव्हते. मुलाच्या बोलण्यातल्या कन्नड हेलावरून ते वर्गात काहीतरी बोलले आणि पोरे हसली. वडील भेटायला आले. आवाज न चढवता पाच मिनिटे कन्नडमध्ये बोलले. माझा मुलगा दोन घरांची भाषा एका जिभेवर घेऊन येतो, त्याला हसणाऱ्याने आधी स्वतः दुसरी भाषा शिकून दाखवावी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मध्ये आमचे जुने कारकून दुभाष्याचे काम करीत होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शिक्षकांकडे वळून म्हणाले, "ते म्हणतात, पोरगा जरा हळवा आहे, सांभाळून घ्या."

शिक्षक हसून "अवश्य, अवश्य" म्हणाले. मी तेथेच बसलो होतो आणि मला कन्नड येते. मी ते पाचही मिनिटांचे बोलणे मराठीत जसेच्या तसे शिक्षकांना सांगितले. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शिक्षकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन त्या घरी जाऊन आले. कारकून मात्र माझ्यावर रागावले ते महिनाभर. म्हणाले, "सर, दोन भाषांच्या मध्ये बसणाऱ्याने थोडे तेल घालावेच लागते. या गावात आजवर जे निभले ते अशा तेलावर निभले."

या वाक्याला माझ्याजवळ चटकन देण्यासारखे उत्तर नव्हते. सीमाभागात राहणारा कोणीही त्याला उडवून लावणार नाही. बाजारात, बसस्टँडवर, कचेरीत असे तेल घालणारी माणसे नसती तर कितीतरी दिवस वाईट गेले असते. तरीही मला ते पटले नाही. का पटले नाही, याचा उलगडा मला पुढे त्या तीन हेडफोनांपाशी झाला.

दोन प्लॅनरांपैकी एक फार गोड होता. नाव सांगत नाही. जाहिरात नको आणि निंदाही नको. या जातीच्या काही हेडफोनांत एक ते दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात हलकासा खळगा ठेवलेला असतो. त्यामुळे आवाज मोकळ्या मैदानात पसरल्यासारखा वाटतो. ऐकणारा खूश होतो. पण गिटारचा चावा आणि गाणाऱ्याचा चढा स्वर राहतो तो त्याच पट्ट्यात, त्यामुळे ते दोघे चार पावले मागे जाऊन उभे राहतात. दुसरा प्लॅनर असले काही करीत नव्हता. त्याच्यावर मेटॅलिकाची २००८ ची 'डेथ मॅग्नेटिक' लावली तर ऐकवेना. ती रेकॉर्ड मोठ्या आवाजाच्या हव्यासापायी इतकी दाबून भरलेली आहे की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला कडा फाटते. गिटार हिरो या खेळात हीच गाणी कमी दाबलेली आहेत हे ध्यानात आल्यावर त्या वेळी हजारो चाहत्यांनी तक्रारीच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. याच मंडळींच्या १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार जवळजवळ गायब आहे. दुसरा प्लॅनर ती गायबच ठेवतो. गोड हेडफोन दोन्ही दोषांवर पांघरूण घालतो.

मला गोडाचे वावडे नाही. कोणी म्हणेल, दिवसभर शाळेत डोके पिकवून आलेल्या माणसाने रात्री थोडा गोडवा मागितला तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. फक्त तो गोडवा घालायचा कोणी? दुसऱ्या, स्पष्टवक्त्या हेडफोनसोबत मी फोनमधला इक्वलायझर वापरून पाहिला. कर्कश पट्टा दोन डेसिबलने उतरवला, खर्ज जरा चढवला. 'डेथ मॅग्नेटिक' सुसह्य झाली. परिणाम पुष्कळसा गोड हेडफोनसारखाच. पण आता मला ठाऊक होते की मऊपणा माझा आहे, मी किती घातला आहे आणि हवा तेव्हा तो काढूनही घेता येतो. पहिल्या हेडफोनमध्ये तो कोणीतरी कारखान्यात बसून माझ्या वतीने ठरवला होता आणि वर त्याला 'नैसर्गिक' असे नाव दिले होते. सांभाळून घेण्याचा हक्क ज्याला निरोप मिळाला आहे त्याचा. मध्ये असलेल्याने तो परस्पर वापरला की ऐकणाऱ्याची क्षमा करण्याची संधीसुद्धा जाते. आमच्या त्या शिक्षकांना शब्द पोचलेच नसते तर ते त्या घरी कशाला गेले असते?

न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने, कोणाचा शब्द प्रमाण मानावा याचे लक्षण दिले आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. जन्म, भाषा, गाव यांचा संबंध नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने हे लिहावे याचे मला दरवेळी नवल वाटते. यंत्राला अर्थातच इच्छा नसते, म्हणून हेडफोनला आप्त म्हणणे ओढाताणीचे होईल. ती इच्छा असते ती बनवणाऱ्याची. कारकुनांच्या बाजूनेही एवढे म्हणायला हवे की त्यांनी त्या दोन्ही माणसांचे चेहरे पाहून शब्द निवडले होते. हेडफोन चेहरे पाहत नाही. त्यांचे चुकले असे मी आजही म्हणेन, पण त्यांना त्या वडिलांच्या घरची परिस्थिती माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होती, हेही विसरता येत नाही.

स्वच्छ निरोप्याचा एक धोका मात्र सांगायलाच हवा. साधा हेडफोन फार मोठा केला की तो फाटू लागतो आणि आपला हात आपोआप मागे येतो. चांगला प्लॅनर फाटत नाही, म्हणून तो सूचनाही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, त्याहून अधिक नव्हे; आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलवर पाचच तास उरले. द हूचा पीट टाउनझेंड याने आपल्या बधिरतेचा दोष मंचावरच्या गदारोळापेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनांवर अधिक ठेवला आहे. शाळेतल्या मुलांच्या कानांत जी बटणे मी रोज पाहतो त्यांच्याबद्दल मला याच कारणाने धास्ती वाटते. माझ्या कानांचे म्हणाल तर, जाहिरातीतला आलेख वीस हजार हर्ट्झपर्यंत जातो. त्याचे शेवटचे टोक माझ्या वयाला दानधर्मच आहे.

आणि एकट्याने ऐकण्याचे काय? १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन जॅक होते, आणि एक बटण दाबले की संगीत हळू होऊन शेजारच्याचे बोलणे ऐकू येई. समोर माणूस असताना एकट्याने ऐकत बसणे असभ्य होईल, असे अकिओ मोरिता यांना वाटले होते. लोकांना ते वाटले नाही. दुसरा जॅक पुढे हळूहळू गेला. त्याच सोनीने २०२३ मध्ये ऑडिझी विकत घेतली, तिचे बहुतेक हेडफोन एकाच डोक्यासाठी घडवलेले असतात. उघड्या पाठीतून झिरपणाऱ्या आवाजामुळे आमच्या घरी मात्र पुरता एकांत मिळत नाही. बाहेर खर्ज पोचत नाही, नुसत्या झांजा पोचतात. पहिल्याच रात्री सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, टाळ कोण कुटतंय?"

महिना संपल्यावर मी स्पष्टवक्ता प्लॅनर घेतला. दिवाळीला मुलगी आली की तोच हेडफोन वापरते. माझी इक्वलायझरची मांडणी बाजूला सारून खर्ज चार डेसिबलने चढवते आणि मेटॅलिका लावते. ती पुण्याला परतल्यावर मी तो पुन्हा खाली आणतो.